नळकाम, स्थलांतरक्षम घरांतील

पक्का पाया न घालता जमिनीवर टेकवलेल्या आणि गरज पडल्यास उचलून दुसरीकडे नेता येणाऱ्या निवाऱ्यात पाणी आणणारे नळ, त्यांचे जोड, तोट्या, झडपा व टाक्या आणि सांडपाण्याच्या नळ्या यांची मांडणी, दुरुस्ती व बदली या कामाला स्थलांतरक्षम घरांतील नळकाम म्हणता येईल. कारखान्यात तयार होऊन चाकांवरून जागेवर नेल्या जाणाऱ्या अमेरिकी घरांमुळे या कामाचा स्वतंत्र विचार सुरू झाला. महाराष्ट्रात त्याचे क्षेत्र मुख्यतः प्रकल्पांच्या व खाणींच्या आवारातील पोर्टा केबिन, कंटेनरची कार्यालये आणि राज्याच्या २०२१ मधील कॅराव्हॅन पर्यटन धोरणामुळे चर्चेत आलेली निवासी वाहने एवढेच आहे. अशा घरातील नळ सहसा मध्येच फुटत नाही, तर जोडावर निकामी होतो; म्हणून साहित्याची निवड करताना नळाच्या जाडीपेक्षा जोडाची लवचीकता आधी पाहावी लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा आणि चुनखडी यांच्या पट्ट्यातले गाव असल्याने तेथील परिस्थितीत या नळकामाच्या बहुतेक अडचणी एकत्र दिसतात. चुनखडीच्या थरांतून झिरपणारे भूजल कॅल्शियमचे क्षार विरघळवून घेते व जड होते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. परंतु पिण्यास चालणारे हे पाणी नळाला आणि गिझरला मानवेलच असे नाही. दुसरी अडचण काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे विटांच्या किंवा दगडांच्या टेकूंवर ठेवलेली केबिन दर ऋतूत थोडी कलते आणि तो ताण बाहेरून येणारा नळ जिथे भिंतीत शिरतो त्या जोडावर पडतो. विदर्भातील उन्हाळा ही तिसरी अडचण असून पत्र्यालगत गेलेला नळ भर दुपारी हात लावू देत नाही.

जस्तलेपित लोखंडी नळ, म्हणजे बोलीतला जीआय पाइप (आयएस १२३९), पूर्वी सर्रास वापरला जाई. जड पाण्यात त्याच्या आतील बाजूस प्रथम कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर बसतो व तो काही काळ लोखंडाला गंजापासून वाचवतोही. पण थर वाढत गेला की अर्धा इंची नळात सर्व बाजूंनी केवळ दोन मिलिमीटर खार साचल्याने पाण्याची वाट जवळजवळ निम्म्यावर येते. पाणी तापले की बायकार्बोनेटचे विघटन होऊन हा खार अधिक वेगाने सुटतो, म्हणूनच गिझरपुढचा नळ सर्वांत आधी तुंबतो. शिवाय आटे पाडलेल्या ठिकाणी जस्ताचा लेप कापला जात असल्याने गंज तेथूनच सुरू होतो. असा नळ ठोकून किंवा आम्ल ओतून मोकळा करण्याचे उपाय फार दिवस टिकत नाहीत. एक जोड सोडवताना शेजारचा तुटतो हे प्रत्येक प्लंबरला ठाऊक असते, तेव्हा पूर्ण ओळ बदलणेच शहाणपणाचे ठरते.

पीव्हीसी नळ (आयएस ४९८५) गंजत नाही व स्वस्त पडतो, परंतु गरम पाण्याला चालत नाही आणि उघड्या उन्हात ठिसूळ होतो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (आयएस १५७७८) वापरतात. तो सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. मात्र तापमान ३० अंशांनी वाढले की सहा मीटरचा नळ एक सेंटिमीटरहून अधिक लांबतो, आणि तो पत्र्याच्या भिंतीला चिमट्यांनी आवळून टाकला असेल तर कोपऱ्यातील एल्बोवर तडा जातो. चिमटे सैल ठेवणे व लांब ओळीत एक वळण सोडणे हा त्यावरचा साधा उपाय होय. जाळीबद्ध पॉलिएथिलीनचा, म्हणजे पेक्सचा, नळ वाकवता येत असल्याने जोडांची संख्या कमी होते. हलणाऱ्या घरासाठी गुणांनी तोच उजवा आहे, पण त्याचे जोड आवळण्याची खास हत्यारे व सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतील की नाही हे आधी पाहणे आवश्यक ठरते.

साहित्य नवे आहे एवढ्यावरून निवड करण्याचा धोका अमेरिकेत महाग पडला. तेथे १९७८ नंतर फिरत्या व कारखानी घरांत पॉलिब्युटिलीनचे करड्या रंगाचे नळ मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. पाण्यातील क्लोरीनमुळे नळ आणि प्लॅस्टिकचे जोड आतून ठिसूळ झाले, गळती वाढली आणि १९९५ मध्ये सामूहिक दाव्यात उत्पादकांना सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

दुरुस्ती करताना पाणी बंद करून नळ पूर्ण रिकामा करावा लागतो. सीपीव्हीसीचा चिरलेला भाग काटकोनात कापतात, कडेचा कीस काढतात, नळ व सॉकेट कोरडे पुसतात आणि दोन्हींना सोल्यूशन लावून पाव फेरा देत नळ आत दाबून काही सेकंद धरून ठेवतात. ओल्या नळावर लावलेले सोल्यूशन धरत नाही. पीव्हीसीचे सोल्यूशन सीपीव्हीसीला वापरणे ही नेहमीची चूक आहे. जुन्या लोखंडी नळाला नवा नळ जोडताना पितळी आट्यांचा जोड घेतात आणि टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळतात. केबिनच्या बाहेर, भिंतीपाशी, एक झडप, एक युनियन आणि त्यापुढे हातभर लवचीक नळी ठेवल्यास जमिनीची हालचाल आतल्या नळापर्यंत पोहोचत नाही व केबिन हलवताना कापाकापीही करावी लागत नाही.

सांडपाण्याची बाजू सहसा दुर्लक्षित राहते. बारीक नळीला दर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर उतार लागतो. केबिन कलली की तो नाहीसा होतो आणि मोरीत पाणी तुंबते, अशा वेळी नळी उचकटण्याआधी जमिनीवर लेव्हल ठेवून टेकू तपासावेत. मोरीखालच्या वाकड्या नळीत राहणारे पाणी दुर्गंधी अडवते. केबिन महिनोन्‌महिने बंद राहिल्यास ते वाळून जाते व वास घरात येतो, त्यासाठी नवीन काही बसवण्याची गरज नसून मोरीत बादलीभर पाणी ओतले की पुरते.