प्राचीन इराणी लोकांची नीतिमूल्ये

ॲकिमेनिड साम्राज्याच्या उदयापासून (इ. स. पू. ५५०) सासानी साम्राज्याच्या अस्तापर्यंत (इ. स. ६५१) इराणच्या पठारावर जो नीतिविचार प्रभावी होता, त्याच्या केंद्रस्थानी सत्य हे मूल्य होते. खरे बोलणे, दिलेला शब्द पाळणे, उपकाराची जाण ठेवणे, निःपक्षपाती न्याय करणे, जमीन कसणे आणि अग्नी व जल यांचे पावित्र्य राखणे हे सद्गुण इराणी लोक परस्परांपासून वेगळे मानीत नसत. ती एकाच विश्वनियमाची अंगे होत, अशी त्यांची धारणा होती. या नियमाला अवेस्ताच्या भाषेत ‘अष’ व प्राचीन फार्सीत ‘अर्त’ म्हणत. वैदिक ‘ऋत’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. अषाच्या विरोधी तत्त्वाला अवेस्तात ‘द्रुज’ व प्राचीन फार्सीत ‘द्रौग’ अशी संज्ञा असून तिचे नाते संस्कृत ‘द्रुह्’ या धातूशी, म्हणजेच पर्यायाने मराठीतील ‘द्रोह’ या शब्दाशी आहे. असत्य व द्रोह या दोन कल्पना एकाच शब्दात सामावलेल्या होत्या, ही गोष्ट इराणी नीतिविचार समजून घेण्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत : अवेस्ता व नंतरचे पेहलवी ग्रंथ, राजांचे कोरीव लेख, आणि ग्रीक लेखकांची वर्णने. धर्मग्रंथ आदर्श सांगतात, राजलेख राजाची बाजू मांडतात आणि ग्रीकांच्या लेखनात कधी शत्रुत्व, तर कधी स्वजनांना खिजविण्यासाठी केलेली परक्यांची स्तुती असते. तथापि या तिन्ही प्रकारच्या साधनांत सत्याचे महत्त्व एकमुखाने सांगितले आहे, त्यामुळे ती केवळ दंतकथा म्हणता येत नाही.

जरथुश्त्राच्या काळाविषयी मतभेद आहेत. परंपरेने तो इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांत होऊन गेला असे मानले जात असले, तरी गाथांच्या प्राचीन भाषेवरून अनेक विद्वान त्याला इ. स. पू. १००० च्या आसपास किंवा त्याही पूर्वी ठेवतात. त्याच्या नावावर असलेल्या १७ गाथांत मनुष्याच्या निवडीला मध्यवर्ती स्थान आहे. आरंभी दोन प्रवृत्तींनी भले आणि बुरे यांची निवड केली. प्रत्येक माणसालाही ती स्वतः करावी लागते व तिचे फळ भोगावे लागते, असा गाथांचा आशय आहे. हुमत, हूख्त व हुवर्श्त (सुविचार, सुवचन व सुकृती) ही त्रयी अवेस्तात वारंवार येते. विचारालाही कृतीइतकेच नैतिक मूल्य देणारी ही त्रयी पुढे जरथुश्त्री आचारधर्माचे सूत्र बनली.

सत्याचे व्यवहारातील रूप म्हणजे करारपालन. ‘मिथ्र’ या शब्दाचा मूळ अर्थच करार असा असून सहस्र कान व दहा सहस्र डोळे असलेला मिथ्र हा देव करारांचा रक्षक होता. त्याच्या स्तोत्रात करार मोडणारा माणूस साऱ्या देशाची हानी करतो असे म्हटले आहे. करार सज्जनाशी केलेला असो वा दुर्जनाशी, तो पाळलाच पाहिजे, असेही तेथे स्पष्ट बजावले आहे. समोरच्याच्या दुर्गुणामुळे स्वतःचा शब्द सैल होत नाही, हा विचार त्या काळाच्या मानाने निश्चितच प्रगल्भ होय. वेंदिदाद या ग्रंथात तोंडी शब्दावर व हस्तस्पर्शावर झालेल्या करारांपासून मेंढी, बैल, माणूस व शेत यांच्या मोलाच्या करारांपर्यंत सहा प्रकार सांगितले असून करारभंगाबद्दल चढत्या क्रमाने प्रायश्चित्ते दिली आहेत. धान्य पेरणारा अषाचीच पेरणी करतो, असे त्याच ग्रंथात म्हटले आहे. म्हणजे शेती हीदेखील उपजीविकेइतकीच नीतीचीही बाब होती.

ग्रीक साधनांत हीरॉडोटसचे (इ. स. पू. सु. ४८४–४२५) वर्णन सर्वांत मोलाचे आहे. त्याचे जन्मस्थान हॅलिकार्नॅसस हे त्या वेळी इराणी साम्राज्यात होते. त्यामुळे इराण्यांविषयी तो जे सांगतो, ते सर्वस्वी दूरस्थाचे ऐकीव ज्ञान नव्हे. इराणी मुलांना पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत तीनच गोष्टी शिकवीत : घोड्यावर बसणे, धनुष्य चालविणे व खरे बोलणे. पाच वर्षांचा होईपर्यंत मुलगा पित्याच्या दृष्टीस पडत नसे. तो दगावल्यास पित्याला दुःख होऊ नये, हा त्यामागील हेतू. खोटे बोलणे हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत लाजिरवाणे कृत्य, त्याखालोखाल कर्ज काढणे; कारण ऋणको माणसाला खोटे बोलावेच लागते, असे ते म्हणत. जे करणे निषिद्ध, त्याचा उच्चारही निषिद्ध मानीत. नदीत थुंकणे किंवा हात धुणे वर्ज्य होते. यज्ञ करणाऱ्याला केवळ स्वतःसाठी काही मागता येत नसे. राजा व सर्व इराणी यांच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी लागे व त्यांत तो स्वतः आलाच. महत्त्वाच्या गोष्टींचा विचार ते मद्याच्या अमलाखाली करीत आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना तो निर्णय मान्य झाला, तरच अमलात आणीत. ही माहिती विनोदी वाटते खरी. पण घाईचा निर्णय पुन्हा तपासून पाहण्याची रीतही तीत दिसून येते.

झेनोफनने (इ. स. पू. सु. ४३०–३५४) आपल्या सायरसचरित्रात या शिक्षणाचे अधिक विस्तृत, पण बरेचसे आदर्शीकृत चित्र रेखाटले आहे. त्याच्या मते ग्रीक मुले जशी अक्षरे शिकण्यासाठी, तशी इराणी मुले न्याय शिकण्यासाठी शाळेत जात. तेथे कृतघ्नतेलाही कठोर शिक्षा होती. कारण कृतघ्न माणूस देव, मातापिता, देश व मित्र या सर्वांनाच विसरतो. एका प्रसंगी बालसायरसला न्यायनिवाडा करावयास सांगितले. थोराड मुलाने आपला आखूड अंगरखा एका लहान मुलाला घालून त्याचा लांब अंगरखा स्वतः घेतला होता. ज्याला जो बसतो तो त्याच्यापाशी राहावा, असा निर्णय सायरसने दिला व त्याबद्दल गुरूचा मार खाल्ला. अंगरखा कोणाला बसतो हे ठरवायचे नव्हते, तो कोणाचा आहे हे ठरवायचे होते, असे गुरूने त्याला बजावले. ही कथा काल्पनिक असावी. परंतु सोय व न्याय यांतील भेद तीत नेमका टिपला आहे. याच ग्रंथाच्या अखेरीस आपल्या काळातील इराणी लोक शपथा मोडू लागले व चैनीला लागले, अशी टीका झेनोफनने केली आहे.

राजांच्या लेखांत हेच मूल्य राजनीतीच्या क्षेत्रात उतरलेले दिसते. करमानशाहजवळील बेहिस्तून येथील कड्यावर पहिल्या डरायसने (कार. इ. स. पू. ५२२–४८६) प्राचीन फार्सी, ईलमी व बॅबिलोनियन या तीन भाषांत लेख कोरविला. राज्यारोहणानंतर उसळलेल्या बंडांत आपण १९ लढाया करून नऊ राजांना पकडले, असे त्यात म्हटले आहे. या बंडांचे कारण एकच दिले आहे : द्रौग. असत्याने प्रांतांना फितवले, प्रत्येक बंडखोराने आपण अमुक राजाचा पुत्र आहोत असे खोटे सांगितले. म्हणून पुढे येणाऱ्या राजाने असत्यापासून सावध राहावे, असा उपदेश आहे. पर्सेपलिस येथील एका लेखात तर परचक्र, दुष्काळ व असत्य या तिन्हींपासून देशाचे रक्षण करण्याची प्रार्थना अहुर मज्दाला केली आहे.

येथेच या नीतिविचारातील अवघड प्रश्न उपस्थित होतो. डरायसच्या म्हणण्याप्रमाणे सायरसपुत्र बर्दिय याला त्याचा भाऊ कँबायसीझ याने गुप्तपणे मारले व गौमात नावाच्या मगाने बर्दियचे सोंग घेऊन राज्य बळकावले. त्या तोतयाला डरायसने ठार केले. मात्र मारला गेलेला मनुष्य खरा बर्दियच होता व तोतयाची कथा नव्या राजाने रचली, असे अनेक आधुनिक इतिहासकारांचे मत आहे. ते खरे असल्यास सत्याचा हा सर्वांत मोठा उद्घोष एका असत्यावर उभा आहे असे म्हणावे लागेल. गंमत अशी की, याच कटाच्या वर्णनात हीरॉडोटसने डरायसच्या तोंडी जरूर पडेल तेथे खोटे बोलावे, असे भाषण घातले आहे. निर्णय कोणताही दिला, तरी एक गोष्ट उरतेच. सत्तेवरील हक्क सिद्ध करण्यासाठी शौर्य वा वंश पुरेसा न वाटता सत्यनिष्ठेचा दाखला द्यावा लागला आणि या लेखाच्या प्रती साम्राज्यभर धाडाव्या लागल्या. ईजिप्तमधील एलेफँटाइन येथे त्याची ॲरेमाइक प्रत मिळाली आहे. प्रजा ज्या मूल्याला मानत नाही, त्याचा असा आधार राज्यकर्ता घेत नाही.

द्रोह म्हणजे असत्य हे समीकरण एकदा रूढ झाल्यावर बंडखोराला दयेचा अधिकार उरत नाही. मीडियातील फ्रवर्तिश या बंडखोराचे नाक, कान व जीभ कापून एक डोळा काढल्याचे व त्याला एकबॅटना येथे सुळी दिल्याचे डरायस स्वतःच, किंचितही संकोच न करता, नमूद करतो. नक्श-इ-रुस्तम येथील त्याच्या थडग्यावरील लेखाचा सूर याहून निराळा आहे. बलवानाने दुर्बलावर वा दुर्बलाने बलवानावर अन्याय करावा हे आपल्याला रुचत नाही; आपण रागाला आवर घालतो; एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेली तक्रार दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज खरी मानत नाही, असे तो सांगतो. पर्सेपलिसजवळ १९६७ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखात जवळजवळ हाच मजकूर त्याचा पुत्र झर्कसीझ याच्या नावाने आला आहे. अर्थात हे एका व्यक्तीचे आत्मचरित्र नसून राजाने कसे असावे याचा ठरलेला पाठ होता.

न्यायदानातील भ्रष्टाचाराला क्षमा नव्हती. लाच घेणाऱ्या सिसॅम्नीझ या न्यायाधीशाला कँबायसीझने ठार मारून त्याच्या कातड्याने न्यायासन मढविले व त्याच आसनावर त्याच्या मुलाला, ओटॅनीझला, बसविले, असे हीरॉडोटस सांगतो. उलट एकाच अपराधाबद्दल कोणाला मृत्युदंड देऊ नये, त्याची पूर्वीची सेवा व अपराध यांचे माप तोलून पाहावे, अशीही प्रथा होती. सँडोसीझ या लाचखाऊ न्यायाधीशाला क्रूसावर चढविल्यानंतर डरायसने त्याची सेवा अधिक भरते असे पाहून खाली उतरविले.

दैनंदिन व्यवहाराचा पुरावा पर्सेपलिस येथे १९३३-३४ मध्ये मिळालेल्या ईलमी मृद्‌लेखांत आहे. इ. स. पू. ५०९ ते ४९३ या काळातील या हिशेबांत कामगारांना, त्यांतील स्त्रियांनाही, मिळणाऱ्या शिध्याची नोंद आहे. बाळंतिणींना जादा शिधा मिळे. मात्र मुलगा झाल्यास तो मुलीच्या दुप्पट असे. बॅबिलन येथे १८७९ मध्ये सापडलेल्या सायरसच्या मृत्तिकालेखाला १९७१ च्या इराणी राजेशाहीच्या उत्सवात मानवी हक्कांची पहिली सनद म्हणून गौरविण्यात आले. वस्तुतः त्याची भाषा बॅबिलोनियन राजलेखांच्या परंपरेतील आहे. तथापि जित लोकांच्या देवतांची पुनःस्थापना करण्याचे सायरसचे धोरण ज्यू लोकांच्या ग्रंथांवरूनही दिसून येते.

सासानी काळात (इ. स. २२४–६५१) नीतिविचाराला उपदेशपर वाङ्‌मयाचे रूप आले. पेहलवी ‘अंदर्ज’ ग्रंथांत ‘पैमान’, म्हणजे प्रमाणबद्धता, या गुणाला विशेष मान असून अतिरेक व न्यूनता या दोहोंना दोष मानले आहे. पहिला खुस्रौ अनुशिर्वान (कार. ५३१–५७९) न्यायी राजाचा आदर्श म्हणून पुढील इस्लामी वाङ्‌मयातही अमर झाला. पंचतंत्राचे पेहलवी भाषांतर त्याच्याच दरबारी बुर्झोये या वैद्याने केले. अरबांच्या विजयानंतर काही जरथुश्त्री कुटुंबे गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे येऊन स्थिरावली व पुढे त्यांचे वंशज मुंबईतही वसले. त्यांच्यातील नर्योसंघ धवल या धर्मगुरूने मध्ययुगात काही पेहलवी ग्रंथ संस्कृतात आणले आणि द्रुज व ऋत यांच्या दोन शाखा पुन्हा एकाच लेखणीखाली आल्या. मनश्नी, गवश्नी व कुनश्नी या पेहलवी शब्दांनी सांगितली जाणारी विचार, उच्चार व आचार यांची त्रयी पारशी समाजाच्या प्रार्थनांत आजही म्हटली जाते.