पापणी नसलेला डोळा



सेनगावात बसून औंढ्याचं नाव काढलं की आधी नागनाथ आठवतो. आज आम्ही त्याच तालुक्यात होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेविषयी बोलणार आहोत. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी तिला अंतिम मंजुरी दिली, खर्च २,६०० कोटी रुपये. तिच्या आकाराची चर्चा बरीच होते. आम्हाला बोलायचंय ते तिच्या डोळ्याविषयी, आणि तो मिटायचा कसा याविषयी.

थोडं मागे जाऊ. १८०० साली विल्यम हर्शल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे, हे त्या पाऱ्याने दाखवलं. हाच तो अवरक्त प्रकाश. पुढे १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी प्रकाशाचा झोत दुभंगून पुन्हा एकत्र आणला आणि पट्टे डोळ्यांनी पाहिले. त्या डोळ्यांना पापण्या होत्या.

लायगोची युक्ती तीच, पण भुजा चार-चार किलोमीटरच्या आणि लेझर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त. तो डोळ्यात शिरतो, पण दिसत नाही; म्हणून पापणी लवतच नाही. प्रयोगशाळेत चष्मा सक्तीचा असतो तो यासाठी.

यंत्राचीही तीच अडचण. दोन्ही भुजांतून परतलेला प्रकाश एकमेकाला जवळजवळ पुसून टाकतो. उरलेल्या अंधाराकडे एक छोटा डायोड डोळ्यात तेल घालून पाहत असतो. त्याच्यावर पडतात फक्त काही दशक मिलिवॅट. भुजांत मात्र, मूळ आराखड्यानुसार, साडेसात लाख वॅट खेळत असतात. आरसे जागच्या जागी धरून ठेवलेले असतात तोवर ठीक. जमीन जोरात हलली की ती पकड सुटते आणि कोंडलेला प्रकाश अंधाराच्याच वाटेने बाहेर धावतो. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी आपल्या जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते तुम्हाला आठवत असतील. अशा वेळी डायोड जळू शकतो. तो निर्वात टाकीत असतो. बदलायचा तर टाकी उघडा, पुन्हा हवा उपसा. निरीक्षणाचे कित्येक दिवस बुडतात.

म्हणून अमेरिकेतल्या लायगोत डायोडच्या वाटेवर कृत्रिम पापणी बसवली. वेगळा सेन्सर प्रकाशाचा थोडासा अंश सतत तपासतो. तो वाढताच एक छोटा आरसा काही मिलिसेकंदांत उसळून आडवा येतो आणि झोत दुसरीकडे वळवतो. माणसाची पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो, इतका उशीर इथे चालत नाही.

आता खरा पेच. ही पापणी विनाकारण मिटली तर निरीक्षण तुटतं, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिली गुरुत्वलहर जेमतेम ०.२ सेकंद टिकली होती. उशिरा मिटली तर डोळाच जातो. आम्ही तत्त्वज्ञानवाले ज्ञान म्हणजे उघडं राहणं असं शिकवत आलो. या यंत्राचा इतिहास त्यात एक ओळ जोडतो: ज्याला अतिसूक्ष्म पाहायचंय, त्याला वेळेवर मिटताही आलं पाहिजे. औंढ्यातल्या डोळ्यालाही ते यावं लागेल.