पेश्टिगो

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मॅरिनेट काउंटीतील छोटे शहर. राज्याच्या ईशान्य भागात, मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्याला मिळणाऱ्या पेश्टिगो नदीकाठी ते वसले आहे. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्रीचा येथील वणवा अमेरिकेच्या नोंदलेल्या इतिहासात सर्वाधिक बळी घेणारा ठरला.

गावाचा सारा संसार लाकडावर चाले. शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांच्या कारखान्यात बादल्या, टब, झाडूचे दांडे बनत. घरे लाकडी, पदपथ फळ्यांचे आणि रस्त्यांवर भुसा पसरलेला. त्या वर्षी उन्हाळ्यापासून पाऊस जवळजवळ पडलाच नाही. शेतीसाठी आणि लोहमार्गासाठी जंगल तोडून फांद्या तिथेच पेटवून देत, त्यामुळे रानात आगी आठवडेच्या आठवडे धुमसत होत्या. त्या रात्री सुटलेल्या वादळी वाऱ्याने त्या भडकवून गावावर आणल्या. तासा-दोन तासांत गाव जळून गेले. अर्धवट बांधलेले, ओल्या लाकडाचे एक घर तेवढे वाचले.

त्या रात्रीची सर्वांत मोलाची साक्ष फादर पीटर पर्निन या फ्रेंच धर्मगुरूंची आहे. पवित्र प्रसादाची लाकडी पेटी गाडीत घालून ते नदीकडे धावले आणि तासन्‌तास पाण्यात उभे राहिले. डोके वर काढले की केस जळत, म्हणून लोक सतत डोक्यावर पाणी मारत होते. जनावरेही नदीत उतरली होती. ओंडक्याला धरून तरंगणारी एक स्त्री गाईच्या धक्क्याने बुडता बुडता त्याच गाईचे शिंग धरून वाचली. पर्निन यांची पेटीही पुढे नदीत शाबूत सापडली. त्यांचे निवेदन १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच रात्री शिकागोही पेटले होते. तिथे सुमारे ३०० माणसे दगावली, पण जगाचे लक्ष त्या महानगराकडे गेले. पेश्टिगोच्या तारा जळाल्यामुळे बातमी राजधानी मॅडिसनला १० ऑक्टोबरला पोचली. गव्हर्नर लुशियस फेअरचाइल्ड तेव्हा शिकागोच्या मदतीला गेलेले होते. त्यांच्या पत्नी फ्रान्सेस यांनी शिकागोकडे निघालेली मदतसामग्रीची गाडी उत्तरेकडे वळवली आणि शहरातल्या बायकांकडून घोंगड्या गोळा करवल्या. मृतांना आकड्याने मोजणाऱ्या इतिहासात या निर्णयाला फार थोडी जागा मिळाली, हे खेदाचे आहे.

गावाचे दप्तरच जळाल्याने मृतांची संख्या नक्की ठरली नाही. अंदाज १,२०० ते २,५०० असे आहेत. १८७३ मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या यादीत मृत व बेपत्ता अशा १,१८२ जणांची नावे होती. ओळख पटवायलाच कोणी उरले नव्हते, म्हणून सुमारे ३५० मृतदेह एकत्र पुरले गेले. या दफनभूमीवर १९५१ मध्ये राज्याने ऐतिहासिक स्थळाचा आपला पहिला अधिकृत फलक उभारला. शेजारच्या जुन्या चर्चमध्ये १९६३ पासून वणव्याचे संग्रहालय असून पर्निन यांची पेटी तेथे पाहावयास मिळते.