विश्रामबाग वाड्याची आग (१८७९) आणि पुण्याचा लोकशोक

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दाम कॅथेड्रलचा निमुळता मनोरा कोसळला, तेव्हा पॅरिसवासीयांनी रस्त्यावर येऊन शोक केला. पुण्याच्या शोकावर मात्र संशयाचे सावट होते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. साहजिकच सरकारची दृष्टी बंडवाल्यांकडे व शहरातील सुशिक्षित ब्राह्मणवर्गाकडे वळली. महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली आणि तेथे त्यांच्या टपालावर पाळत राहिली, असे रमाबाईंच्या आठवणींत नमूद आहे. प्रत्यक्षात ही आग सरकारी पुस्तक-डेपोतील एका कर्मचाऱ्याने अपहार लपविण्यासाठी लावल्याचे पुढे उघडकीस आले. हिशेब दडविण्यापायी दोन वाडे जळावेत, हे विलक्षणच!

या शोकाची ठोस खूण वर्गणीत आढळते. विश्रामबागेचा जळालेला पूर्वभाग लोकवर्गणी व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला. बुधवार वाडा मात्र कायमचा गेला. दोन्ही वाडे दुसऱ्या बाजीरावाचेच. तेव्हा निव्वळ पेशवाईच्या स्मृतीने हा भेद उलगडत नाही. विश्रामबागेत १८२१ पासून संस्कृत पाठशाळा भरत असे व पुढेही तेथे विद्यादान चालू राहिले. नगराला तीच वास्तू अधिक आपली वाटली असावी.