पिण्याचं पाणी आणि घरातली सुरक्षितता : मालेगावच्या घराघरासाठी माहिती

मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. कावीळ झाली होती. भेटायला घरी गेले तेव्हा तिच्या अम्मीने ग्लासभर पाणी उजेडात धरून दाखवलं. म्हणाली, "टीचर, बघा ना, पाणी तर एकदम साफ येतं." पाणी खरंच साफ दिसत होतं. अडचण हीच आहे. कावीळ, टायफॉइड, कॉलरा आणि जुलाब यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि त्यांचा वासही येत नाही.

म्हणून नळापासून ग्लासापर्यंत पाणी कुठे कुठे बिघडतं आणि आपण घरात काय करू शकतो, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

पाणी बिघडतं कुठे?

मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठी वसलेल्या मालेगावला गिरणा धरण आणि चणकापूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागतं. चणकापूरचं पाणी तळवाडे तलावात साठवून शहराकडे आणलं जातं. शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवून, गाळून आणि क्लोरीन घालून ते पुढे सोडतात. पण केंद्रातून शुद्ध निघालेलं पाणी आपल्या नळापर्यंत शुद्धच राहील, याची खात्री नसते.

कारण आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी चालू असताना पाइपमध्ये दाब असतो, तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब संपतो आणि त्याच गळतीतून गटारीचं पाणी आत शिरतं. दाट वस्तीत नळाचे पाइप बऱ्याच ठिकाणी गटारीतून किंवा गटारीला लागून जातात. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावली तर ती पाण्याबरोबर आजूबाजूची घाणही खेचते. मोटर एका घराची असते, आजार सगळ्या गल्लीला होतो.

म्हणून पाणी आलं की पहिली काही मिनिटं ते धुण्याला किंवा फरशीला वापरा. गढूळपणा आणि वास गेल्यावरच पिण्याचं भरा.

कोणाला जास्त धोका?

दूषित पाण्यातून होणारी कावीळ मुख्यतः दोन प्रकारची असते. हिपॅटायटिस ए बहुतेक लहान मुलांना होतो आणि साधारणपणे बरा होतो. हिपॅटायटिस ई मोठ्यांना जास्त होतो आणि गरोदर बाईसाठी तो फार धोकादायक आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर १०० पैकी २० ते २५ बायकांचा जीव जाऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इचलकरंजी हे आपल्यासारखंच यंत्रमागाचं शहर. तिथे २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती, ती हिपॅटायटिस ईची होती.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. दूषित पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे आजची कावीळ ही मागच्या महिन्यातल्या पाण्याची असते. आजचं पाणी तपासून ते चांगलं निघालं, म्हणून मागचंही चांगलंच होतं असं धरू नका.

तपासणीचे आकडे कसे वाचावे?

भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० (२०१२) आहे. त्यातले घरात उपयोगी आकडे असे :

- ई. कोलाय जंतू : १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको. हा जंतू सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे.
- नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन : लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम.
- पीएच : ६.५ ते ८.५.
- टीडीएस (विरघळलेले क्षार) : ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं.
- नायट्रेट : ४५ पर्यंत. बोअरच्या पाण्यात हे आवर्जून तपासावं. जास्त असेल तर वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला धोका असतो.
- फ्लोराइड : १ पर्यंत, फार तर १.५.

विक्रेता टीडीएसचं मीटर पाण्यात घालून "बघा, पाणी शुद्ध" म्हणतो. पण ते मीटर फक्त क्षार मोजतं. टीडीएस २०० असलेल्या पाण्यातही काविळीचे जंतू असू शकतात.

घरी पाणी शुद्ध कसं करावं?

*उकळणं* : सगळ्यात खात्रीचा उपाय. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी किमान १ मिनिट उकळू द्या. त्याच भांड्यात झाकून थंड करा.

*क्लोरीन* : गॅस महाग झाला आहे, रोज सगळ्यांचं पाणी उकळणं जमत नाही, हे खरं. अशा वेळी क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण वापरा. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. टाकल्यावर किमान अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतो.

*ऊन* : स्वच्छ, पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात ६ तास ठेवलं तर बरेच जंतू मरतात. आभाळ असेल तर दोन दिवस लागतात. बाटली १ ते २ लिटरचीच घ्या.

*तुरटी आणि कापड* : तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. चार पदरी सुती कापडाने बारीक कचरा जातो, पण काविळीचा विषाणू त्यातून आरामात जातो. हे दोन्ही उपाय पहिली पायरी म्हणून ठीक आहेत. त्यांच्यावरच थांबू नका.

*आरओ* : खारं बोअर असेल तर उपयोगी. टीडीएस ५०० च्या आत असेल तर सहसा गरज नसते, उलट पाणी वाया जातं. आरओ क्लोरीनही काढून टाकतो, म्हणून ते पाणी हंड्यात फार दिवस ठेवू नये. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर मशीन असून नसल्यासारखंच.

साठवण : खरी चूक इथेच होते

चांगलं पाणी घरात आल्यावर बिघडतं ते बहुतेक हातामुळे. हंड्यात ग्लास बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. भांडी झाकून ठेवण्याची ताकीद हदीसमध्येही आहे, ती पाळली तर अर्धं काम होतं.

भंगारातून आणलेले निळे ड्रम पिण्याच्या पाण्याला वापरू नका. त्यात आधी रंग, अ‍ॅसिड किंवा दुसरं केमिकल असू शकतं, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं केमिकल धुऊन जात नाही.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, आतून घासा आणि वाळवा.

पाण्याशी जोडलेले दुसरे धोके

- मोटर : ओल्या हाताने किंवा ओल्या फरशीवर उभं राहून मोटर लावू नका. आधी बटण बंद, मग पाइपला हात. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळला की तो क्षणात वीज बंद करतो.
- बादली, टब, ड्रम : रांगणारं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. झाकण घट्ट हवं, न्हाणीघराचं दार बंद हवं.
- हौद साफ करणं : बंद हौदात ऑक्सिजन कमी असतो. एकट्याने उतरू नका. आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा. आतला माणूस बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी मारू नका, मदत बोलवा. असे बळी बहुतेक वेळा दोन-दोन, तीन-तीन जातात.
- अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर : संडास धुताना दोन्ही कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छाती जाळतो. अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका.

जार, बर्फ आणि सबील

सीलबंद पाण्यावर आयएसआय शिक्का आणि आयएस १४५४३ हा क्रमांक २०२४ पर्यंत सक्तीचा होता. थंड पाण्याच्या सुट्या जारवर यातलं काही नसतं. ते पाणी थंड आहे एवढीच खात्री, शुद्ध आहे याची नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात लादीचा बर्फ आत टाकू नका. तो बहुतेक खाण्यासाठी बनवलेला नसतो. भांडं बाहेरून थंड करा.

मशिदीचा कूलर, मदरशाची टाकी, मोहल्ल्यातली सबील इथे शेकडो लोक पाणी पितात. टाकी धुतल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवण्याची पद्धत पाडावी. सवाबचं काम आहे, ते नीट व्हावं.

कोणी आजारी पडलं तर

जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आईचं दूध बंद करू नका. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात आणि उताऱ्यात दिवस घालवू नका. मनाने गोळ्याही घेऊ नका, काही औषधं लिव्हरला आणखी त्रास देतात. गरोदर बाईला कावीळ असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

तक्रार कशी करावी?

एका गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब किंवा कावीळ दिसली तर पाणीपुरवठा आणि आरोग्य अशा दोन्ही विभागांना लेखी कळवा. गल्ली, नळाची वेळ, आजारी माणसांची संख्या लिहा आणि पोच घ्या. नळाला क्लोरीन येतो का, हे क्लोरोस्कोपने समोर तपासायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे.

त्या मुलीच्या गल्लीतल्या लोकांनी असंच केलं. खोदल्यावर गटारीखाली पाइपचा जोड सुटलेला सापडला. जोड बदलला, मुलगी शाळेत परत आली. तिच्या घरी आता हंड्याशेजारी ओगराळं लटकलेलं असतं. आज संध्याकाळी पाणी भरण्याआधी आपल्या नळाचा पाइप कुठून येतो, एवढं तरी बघून घ्या.