दहा वर्षांचे बंधपत्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. सनावळ्या घोकून घेण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. एक तारीख मात्र ते दरवर्षी फळ्यावर लिहीत : ४ जून १९१३. त्या दिवशी भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराने बडोदे संस्थानास एक करारपत्र लिहून दिले. महाराज सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस जायचे आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा तो करार. आपल्या गावच्या इतिहासातील हे बंधपत्र मला आजच्या विषयाचे प्रवेशद्वार वाटते. गरीब देशातील शिकलेली माणसे श्रीमंत देशांत का जातात, आणि गेलेली का परतत नाहीत, हा तो विषय.

आंबेडकर परतले. लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला, तर थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. मित्रांनीही असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे काही तास त्यांनी कामाठीबागेत बसून काढले. बंधपत्र दहा वर्षांचे होते, नोकरी काही दिवसांचीच झाली. करार कोणी मोडला, असा प्रश्न गुरुजी आम्हांला विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता तास संपवीत.

आता जरा दूर जाऊ. 'ब्रेन ड्रेन' हा शब्द आपण आपल्या दुःखाचा म्हणून वापरतो; पण तो १९६३ च्या सुमारास रूढ झाला तो ब्रिटनमध्ये, आणि अमेरिकेकडे निघालेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांविषयी. म्हणजे ज्याला आपण श्रीमंत समजत होतो तोही कोणाच्या तरी मानाने गरीबच होता. ब्रिटिश डॉक्टरही कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका गाठीत होते. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेने प्रत्येकास मोफत उपचाराचे वचन दिले होते. ते पाळण्यास माणसे हवीत. आणि नेमक्या त्याच काळात, १९५७ साली, विलिंक समितीने वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक दशांशाने घटवावी अशी शिफारस केली. डॉक्टर जास्त होतील अशी तिला भीती वाटली. सरकारी समित्यांचे अंदाज चुकण्याची परंपरा केवळ आपलीच नव्हे, एवढेच त्यातून समाधान!

ही पोकळी भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी भरली, आणि ते सहज घडले याचे कारण वसाहतीच्या इतिहासात आहे. आपली वैद्यकीय महाविद्यालये ब्रिटिश नमुन्यावर घडली. पुस्तके तीच, भाषा तीच, परीक्षेची पद्धत तीच. पदवी हे दोन्ही बाजारांत चालणारे नाणे होते. लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० साली भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा १९३३ च्या कायद्याने आपली स्वतंत्र वैद्यकीय परिषद निघाली. पुढे मान्यता पुन्हा मिळाली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांवर प्रवेशाची बंधने आली, तरी डॉक्टरांसारख्या कुशल लोकांना परवान्याची वाट उघडी ठेवली गेली. त्यावेळी आरोग्यमंत्री होते इनॉक पॉवेल. परदेशांतून आलेल्या डॉक्टरांच्या मदतीची दखल संसदेत घेणारे हेच गृहस्थ १९६८ साली बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण करते झाले.

त्या भाषणाची बातमी आमच्या घरी आली ती दादाच्या पत्रातून. दादा याच शाळेचा विद्यार्थी. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन तो १९६७ साली विलायतेस गेला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे खिशात तीन पौंड नेण्याची मुभा होती. त्याला सर्जन व्हायचे होते. काम मिळाले ते वृद्धांच्या विभागात, जेथे तिकडचे पदवीधर जाण्यास नाखूश असत. ही त्याच्या एकट्याची कथा नव्हे. वृद्धरुग्ण, मनोरुग्ण, वेल्सच्या खाणींच्या दऱ्यांतील दवाखाने, अशा नको असलेल्या जागी आपले डॉक्टर साठत गेले. श्रीमंत देशाने आपली माणसे घेतली. पण आपल्याकडच्या खेड्यांत जायला जशी माणसे मिळत नाहीत, तशी त्यांच्या खेड्यांसाठी घेतली. या प्रसंगातील उपरोध मला फार उशिरा कळला.

आमचे वडील, नाना, कचेरीत कारकून. त्यांचे म्हणणे सरळ होते : "फी आपण भरली ती नाममात्र; शिकवले सरकारने, म्हणजे कर भरणाऱ्या शेतकऱ्याने. त्याचे देणे आहे." हीच गोष्ट अर्थशास्त्राच्या भाषेत जगदीश भगवती यांनी १९७२ साली मांडली. परदेशी गेलेल्या कुशल माणसाच्या मिळकतीवर कर बसवून तो मायदेशास द्यावा, अशी त्यांची सूचना होती. चर्चा खूप झाली, अंमल झाला नाही. नानांना ती सूचना कळली असती तर ते म्हणाले असते, पैसे पाठवून डॉक्टर येत नाही.

दादा १९७३ साली परत आला, एडिंबरोची एफआरसीएस घेऊन. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'गेले ते पैशासाठी गेले' असे म्हणणे सोपे असते. एका मोठ्या रुग्णालयात त्याने अर्ज केला. जागा रिकामी होती, पण भरली जाईना. मानद म्हणून बिनपगारी काम करा, पुढे पाहू, असे उत्तर मिळाले. चौदा महिने त्याने पाहिले. परतलेल्या तज्ज्ञांना तात्पुरता आधार मिळावा म्हणून सरकारने १९५८ साली शास्त्रज्ञांची राखीव योजना काढली होती. हेतू चांगला होता, पण तात्पुरत्या आधारावरून कायम जागेपर्यंतची पायरी ज्याची त्याने शोधायची. हरगोविंद खुराणांना १९४९ साली मायदेशी मनाजोगते काम मिळाले नव्हते. १९६८ चे नोबेल त्यांनी अमेरिकन नागरिक म्हणून स्वीकारले. आमच्या दादाची तुलना त्यांच्याशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. परंतु दार तेच होते.

१९७४ च्या अखेरीस दादा पुन्हा निघाला. पुढच्याच वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता थांबविली. नव्यांना परीक्षा देणे भाग पडले. दादा आधीच नोंदलेला असल्याने सुटला आणि वेल्समधील एका खाणीच्या गावात सामान्य डॉक्टर झाला. शस्त्रक्रियेची सुरी त्याने पुन्हा हाती घेतली नाही. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या वसंतात, ब्रिटनमध्ये प्रारंभी मृत्यू पावलेल्या डॉक्टरांची नावे वृत्तपत्रांत येऊ लागली, तेव्हा ती बहुतेक अशाच घरांतली होती. दादा तोवर निवृत्त झाला होता.

आज बंधपत्रे अनेक राज्यांत आहेत. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टराने काही काळ ग्रामीण सेवा करावी, नाहीतर दंड भरावा. आणि ज्याला परवडते तो दंड भरून मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली, डॉक्टरांची टंचाई असलेल्या देशांतून त्यांची भरती करू नये, अशी संहिता स्वीकारली. ती ऐच्छिक आहे. सयाजीरावांचे बंधपत्र याहून उदार होते असे माझे मत आहे, कारण त्यात पैसा आधी होता आणि विश्वासही. कमी पडले ते गाव.

नाना १९८६ पर्यंत होते. दादा गेल्यापासून ते वर्तमानपत्रांतील सर्जनच्या जागांच्या जाहिराती कापून पाकिटातून त्याला पाठवीत. सोबत चिठ्ठी नसे. दहा वर्षांपूर्वी मी दादाकडे गेलो असता त्याच्या टेबलाच्या खणात ती कात्रणे सापडली, सालवार लावलेली. त्यांतील एकाच्या पाठीमागे त्याच्या अक्षरात अर्जाचा मसुदा सुरू केलेला होता. तिसऱ्या ओळीत तो थांबला आहे.