श्रेयनामावलीच्या मध्यावरचा नट

चित्रपट संपला की लोक उठतात आणि मी नावे वाचत बसतो. ही सवय तीसेक वर्षांची. चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. उमेदीची वर्षे हिशेबाच्या टेबलावर गेली. मोठ्या रकमा सगळेच तपासतात, घोळ सापडतो तो किरकोळ रकमांत, एवढे तिथे कळले. त्याच नजरेने १९५० नंतरच्या दशकातले ब्रिटिश चित्रपट बघू लागलो, तेव्हा श्रेयनामावलीच्या मध्यावर एक नाव पुन्हा पुन्हा भेटू लागले : अर्ल कॅमेरॉन.

कॅमेरॉनचा जन्म ८ ऑगस्ट १९१७ रोजी बर्म्युडात झाला. व्यापारी जहाजावरचा हा खलाशी १९३९ मध्ये, महायुद्ध नुकतेच सुरू झालेले असताना, लंडनला उतरला आणि जहाज त्याला मागे ठेवून निघून गेले. काळ्या माणसाला बरे काम मिळणे मुश्कील होते. तो हॉटेलात भांडी विसळू लागला. युद्धकाळातच 'चू चिन चाऊ' या संगीत नाटकाच्या प्रयोगाला एक जण आला नाही, म्हणून कॅमेरॉनला उभे केले गेले. रंगभूमीवर तो असा बदली म्हणून आला. १९४५ मध्ये सैनिकांची करमणूक करणाऱ्या 'एन्सा' या संस्थेच्या दौऱ्यात एका गायक त्रिकुटातून तो भारतातही येऊन गेला.

पुढे त्याने अमांडा आल्ड्रिज यांच्याकडे आवाजाची तालीम घेतली. एकोणिसाव्या शतकात युरोपभर शेक्सपिअरच्या भूमिका गाजवणारे कृष्णवर्णीय नट आयरा आल्ड्रिज यांची ही मुलगी. पॉल रोबसनही त्यांच्याकडे शिकले होते. कॅमेरॉनचा संथ, खालच्या पट्टीतला, शब्द न चावणारा आवाज त्या तालमीतून घडला.

१९५१ मध्ये ईलिंग स्टुडिओचा 'पूल ऑफ लंडन' आला. दिग्दर्शक बेसिल डिअर्डन. त्यात कॅमेरॉन जमैकाचा खलाशी जॉनी आहे. शनिवार-रविवारपुरता किनाऱ्यावर उतरलेला जॉनी आणि पॅट ही गोरी मुलगी यांच्यात एक हळुवार ओढ निर्माण होते. गोऱ्या-काळ्यांमधले असे नाते दाखवणारा हा पहिला ब्रिटिश चित्रपट मानला जातो. तरी चुंबन नाही, कबुली नाही. दोघे लंडन बघतात, बोलतात आणि वेगळे होतात. जे बोलता येत नाही ते कॅमेरॉन नजर खाली वळवून सांगतो. अशा पदार्पणानंतर नायकाच्या भूमिका चालून याव्यात. त्या आल्या नाहीत.

जे आले ते पाहण्यासारखे आहे. 'इमर्जन्सी कॉल' (१९५२) मध्ये तो दुर्मीळ रक्तगटाचा खलाशी आहे. एका आजारी मुलीला त्याचे रक्त हवे आहे. केनियातल्या माऊ माऊ बंडावरच्या 'सिंबा' (१९५५) मध्ये तो सालस डॉक्टर आहे. पुढच्याच वर्षीच्या 'सफारी'त, त्याच बंडाच्या पार्श्वभूमीवर, तो खुनी आहे. म्हणजे काळ्या नटासाठी दोनच साचे होते : गोऱ्यांना पटेल इतका सज्जन, नाहीतर त्यांना भीती वाटेल इतका क्रूर. मधला, तुमच्या-माझ्यासारखा चुकणारा आणि सावरणारा माणूस नायकासाठी राखलेला होता.

'सफायर' (१९५९) हा डिअर्डनचाच चित्रपट. नॉटिंग हिलच्या दंगली आदल्याच वर्षी झालेल्या. हॅम्पस्टेड हीथवर एका तरुणीचे प्रेत सापडते. पोलीस तिला गोरी समजतात. मग तिचा भाऊ चौकीत येतो. तो कृष्णवर्णीय डॉक्टर आहे. क्षणभर गोंधळलेला पोलीस अधिकारी आणि असे क्षण आयुष्यभर पाहिलेला डॉक्टर समोरासमोर उभे राहतात. शेवटी खुनी बाईच्या घरात या डॉक्टरच्या नुसत्या असण्याने तिचा द्वेष उफाळून बाहेर पडतो. 'फ्लेम इन द स्ट्रीट्स' (१९६१) मध्ये जॉन मिल्स कामगार पुढारी आहे. कॅमेरॉनने उभ्या केलेल्या गोमेझच्या बढतीसाठी तो भांडतो, पण स्वतःची मुलगी जमैकाच्या शिक्षकाशी लग्न करायचे म्हणते तेव्हा हाच पुढारी डगमगतो.

या चित्रपटांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा १९६५ मध्ये झाला. नोकरी आणि घर त्याच्या कक्षेत यायला १९६८ उजाडले. त्याआधी हे विषय पडद्यावर आणायला धैर्य लागत होते. पण प्रश्न नेहमी गोऱ्या माणसाच्या सदसद्विवेकाचा असे. कॅमेरॉन तिथे कसोटीचा दगड होता. त्यावर घासून इतरांचा कस कळे. त्या दगडाचे पुढे काय होते, हे पटकथा विचारत नसे. भावाच्या दुःखाला 'सफायर'मध्ये किती मिनिटे मिळतात, ते एकदा घड्याळ लावून पाहावे.

बरीच वर्षे मी 'वाया घालवलेला नट' अशी त्याची नोंद माझ्या वहीत ठेवली होती. ती आता मी खोडली आहे. वाया घालवणारे वाया घालवत होते; तो स्वतः वाया जात नव्हता. चौकीतल्या त्या प्रसंगात तो चिडत नाही, केविलवाणाही होत नाही. समोरच्याला सावरायला वेळ देतो आणि बहिणीबद्दल विचारू लागतो. अपमान ओळखीचा झालेला माणूस कसा वागतो, हे दाखवायला त्याला तेवढी जागा पुरते.

बाँडच्या 'थंडरबॉल' (१९६५) मध्ये तो बहामातला मदतनीस आहे. १९७९ मध्ये बहाई समाजाच्या कामासाठी तो सहकुटुंब सॉलोमन बेटांवर गेला. तिथे त्याने आइस्क्रीमचे दुकान चालवले. परतल्यावर, २००५ च्या 'द इंटरप्रिटर'मध्ये तो एका काल्पनिक आफ्रिकी देशाचा हुकूमशहा झाला; तेव्हा वय सत्त्याऐंशीच्या घरात. २००९ मध्ये त्याला 'सीबीई' किताब मिळाला, २०१२ मध्ये बर्म्युडाच्या राजधानीतल्या नाट्यगृहाला त्याचे नाव दिले गेले. ३ जुलै २०२० रोजी, १०२ व्या वर्षी, तो इंग्लंडमध्ये वारला.

'पूल ऑफ लंडन' मी पुन्हा लावतो तेव्हा आता नावे शेवटी वाचत नाही. आधी जॉनी जहाजावरून उतरताना बघतो.